बाळ लाल गाडीत, आई मागच्या गाडीत

रविवार, सकाळचे अकरा. हळदीची बाजारपेठ असलेल्या एका गावाची वेस. रस्त्यावर झेंडूची कमान. कमानीखाली छत उघडलेली, लाल रंगाची, दोनच जागांची गाडी. एका जागेवर बाप. दुसऱ्या जागेवर सहा आठवड्यांची मुलगी. आई त्या गाडीत नव्हती.

घडले ते असे.

या गावात भाऊसाहेब तोडकर नावाचे हळदीचे मोठे व्यापारी राहत. माणूस वाईट नव्हता. गावच्या शाळेला त्यांनी वर्ग बांधून दिले होते. प्रत्येक वर्गाच्या दारावर स्वतःचे नाव मात्र कोरून घेतले होते. चांगले काम चार लोकांना दिसले पाहिजे, असा त्यांचा स्वभाव.

त्यांचा मुलगा शार्दूल. शहरात शिकून इंजिनिअर झाला आणि परत येऊन धंद्यात बसला. त्याला वेगाच्या गाड्यांचा नाद. ही लाल गाडी त्याने हौसेने घेतली. गावचे रस्ते तिला सोसत नसत. प्रत्येक गतिरोधकावर तिचे पोट घासे. पण ती बाहेर निघाली की दुकानदार गिऱ्हाईक सोडून पायरीवर येत, आणि शार्दूलला तेवढे पुरे होते.

सून हर्षदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. तिला मुलगी झाली. मुलगी झाली म्हणून नाक मुरडणारी घरे गावात अजून होती. भाऊसाहेबांनी ठरवले की त्यांना दाखवून द्यायचे. सव्वा महिना झाला की नातीला वेशीपासून घरापर्यंत वाजतगाजत आणायचे. हलगी, ताशा, फुले, फटाके. चौकात मोठा फलक लागला, ‘तोडकरांच्या घरी लक्ष्मी आली’. इथपर्यंत कोणाला बोट ठेवायला जागा नव्हती. उलट असे व्यापारी गावोगाव असावेत, असेच कोणीही म्हटले असते.

दवाखान्यातून निघताना बाळाच्या डॉक्टर मुजावर मॅडम यांनी आईबापाला समोर बसवून एक गोष्ट सांगितली होती.

“बाळ अजून मान धरत नाही. गाडीत बाळाची खुर्ची वापरा, पण तिचं तोंड मागे हवं आणि ती तिरपी हवी. बाळ जवळजवळ निजलेलं दिसलं पाहिजे. हनुवटी छातीला टेकू द्यायची नाही. एवढ्याशा जिवाची श्वासनळी मऊ असते. मान पुढे पडली की ती दुमडते. आणि मग बाळ रडत नाही. रडायला श्वास लागतो.”

शार्दूलने उलट प्रश्न विचारून सगळे समजून घेतले होते. त्याला कळले नव्हते, असे म्हणायला जागा नाही.

त्या रविवारी सकाळी तोडकरांच्या अंगणात लाल गाडी उभी होती आणि शार्दूल तिच्यात नवी खुर्ची बसवत होता. काम सोपे नव्हते. वेगाच्या गाडीची बैठक खोलगट असते, माणूस वळणावर हलू नये म्हणून. त्या खोलगट बैठकीत सपाट बुडाची खुर्ची टेकेना. एका बाजूने दाबली की दुसरी बाजू उचले. तोंड मागे केले की तिची कड पुढच्या फळीला अडे. बैठक मागे सरकवावी, तर मागे इंजिन.

शार्दूलचा गजामामा कमरेवर हात ठेवून हे बघत होता.

“हुंड्यात आली असती तर परत तरी करता आली असती,” मामा म्हणाला. “स्वतःच्या पैशाची गाडी. रडायची सोय नाही.”

“मामा, जरा गुडघ्यानं दाबा इथं.”

“माझा गुडघा माझ्याच अंगाला पुरत नाही रे बाबा.”

पण त्याने दाबले. शार्दूलने बेल्ट ओढला. त्याने बाजूच्या किल्लीने एअरबॅग बंद केली, कारण एअरबॅग फुटली तर मागे तोंड केलेल्या खुर्चीवर आदळते, हेही त्याला माहीत होते. खुर्चीखाली टॉवेलची गुंडाळी घालून त्याने तिचा कल साधला. हलवून पाहिली. हलली नाही. तोंड मागे, पाठ तिरपी, पट्टा घट्ट. काम चोख झाले होते.

“आणि सूनबाई?” मामाने विचारले. “डिकीत?”

अंगणात हशा पिकला. विनोद चांगला होता. पण गाडीत तिसरी जागा नव्हती, हेही खरे होते. बाळाच्या मिरवणुकीत बाळाच्या आईला जागा नाही, हे तिथे प्रत्येकाला दिसले, आणि त्यावर सगळे हसले. बाळंतीण मागच्या मोठ्या गाडीत बसेल, असे ठरले. ठरवणाऱ्यांत ती नव्हती.

एवढ्यात कालिंदीआत्या आल्या. भाऊसाहेबांची थोरली बहीण, आणि घरातल्या रीतिभातींचा शेवटचा शब्द. त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि खुर्चीपाशी थांबल्या.

“हे तोंड कुणीकडं केलंयस रे?”

“मागं, आत्या. लहान बाळाला तसंच बसवतात.”

“म्हणजे पोर घराला पाठ दाखवत येणार?”

“तसं नव्हे, डॉक्टर म्हणाल्या...”

“डॉक्टर आत्ता आल्या. तू पायाळू होतास तेव्हा सुईण मी बोलावून आणली होती. तोडकरांच्या घरात पहिल्यांदा येणारं माणूस घराला तोंड करून येतं. सून असो, लेकरू असो, नाहीतर म्हैस असो. पाठ करून येतंय व्हय कुणी?”

फोटोवाला तिथेच होता. तो म्हणाला, “आत्याबाईंचं बरोबर आहे दादा. उलटं बसवलं तर समोरून नुसतं प्लॅस्टिक दिसतंय. बाळाचा चेहराच येणार नाही. आणि जरा उभं बसवा. झोपलेलं बाळ फोटोत उठून दिसत नाही.”

सगळ्यांनी शार्दूलकडे पाहिले. आता एक शब्द पुरला असता. ‘नाही.’ दोन अक्षरांचा शब्द, आणि तो म्हणण्याइतके ज्ञान त्या अंगणात एकट्या त्याच्याकडे होते.

त्याने रुमालाने घाम पुसला. “मी कपडे बदलून येतो,” तो म्हणाला आणि आत गेला.

तो बाहेर आला तेव्हा खुर्ची फिरलेली होती. तोंड पुढे, पाठ ताठ. टॉवेलची गुंडाळी कोणीतरी काढून बोनेट पुसायला घेतली होती. शार्दूलने ते पाहिले. पट्टा घट्ट आहे ना, तेवढे ओढून पाहिले. आणि गाडी सुरू केली.

वेशीवर हर्षदा भावाच्या गाडीतून आली. तिच्या शेजारी बाळ होते. माहेरच्यांनी आणलेल्या दुसऱ्या खुर्चीत, मागे तोंड करून, तिरपे, शांत झोपलेले. म्हणजे योग्य खुर्ची, योग्य गाडी आणि बाळाशेजारी आई, असे तिन्ही वेशीवर हजर होते. हे नीट वाचा. काहीही आणायचे नव्हते. काही कमी नव्हते.

हर्षदा उतरली, लाल गाडीपाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, “शार्दूल, हे काय? खुर्ची पुढे तोंड करून का?”

“आत्याचं म्हणणं पडलं.”

“मॅडम काय म्हणाल्या होत्या?”

“अगं, पायी चालायच्या वेगानं जायचंय. बैलगाडीसुद्धा आपल्याला मागं टाकेल. धडकणार कशाला?”

प्रश्न धडकेचा नव्हता. श्वासाचा होता. विचारणारीला ते माहीत होते आणि उत्तर देणाऱ्यालाही. पण भोवती गाव उभे होते, हलगी कडाडत होती, आणि नवऱ्याने सोपे उत्तर निवडले.

“मग बाळ माझ्याजवळच राहू दे,” हर्षदा म्हणाली. “दादाच्या गाडीत. ती गाडी पुढे ठेवा, हार घाला, काय हवं ते करा.”

भाऊसाहेब पुढे झाले. आवाजात राग नव्हता, उलट मायाच होती.

“सूनबाई, हे सगळं तुमच्या लेकीसाठीच चाललंय. गावानं तिला बघायला नको? बाराच्या आत उंबरा ओलांडायचाय. माणसं खोळंबलीत.”

शेवटी बाळाला लाल गाडीत ठेवले. पट्टे लावले. आत्यांनी पिशवीतून जरीचा इवलासा तयार फेटा काढला आणि बाळाच्या डोक्यावर बसवला. फेट्याची मागची गाठ खुर्चीच्या पाठीला टेकली आणि डोके पुढे आले. हर्षदाने तळव्याने ते वर केले आणि फेटा काढला. आत्यांनी तो परत घातला.

“राहू दे गं. राजाची लेक दिसतेय.”

हर्षदाला मागे, भावाच्याच गाडीत बसवले. शेजारी आत्या बसल्या. वेशीवरून निघालेल्या बाळंतिणीने उंबऱ्यापर्यंत जमिनीला पाय लावायचा नाही, अशी त्या घराची रीत होती. दार लागले. काच वर गेली.

मिरवणूक निघाली.

एका माणसाला सावकाश चालत जेवढा वेळ लागेल, त्याच्या कितीतरी पट वेळ त्या मिरवणुकीला लागत होता. दर दुकानापुढे गाडी थांबे. हार येई, नारळ फुटे, पोरे नाचत. शार्दूल एका हाताने चाक धरून दुसऱ्या हाताने माडीवरच्या बायकांना नमस्कार करत होता. हळू जाण्यात धोका नाही, असा त्याचा हिशेब होता. हळू जाण्याने रस्ता लांबला होता, एवढेच त्याच्या लक्षात आले नाही.

लोक गाडीच्या दोन्ही बाजूंनी चालत होते. छत उघडे. बाळ हाताच्या अंतरावर. प्रत्येकाचा मोबाइल पुढे.

“झोपली बघ राजकन्या.”

“मान बघ कशी टाकलीय, दमली बिचारी.”

“गोड गं गोड.”

चौक जवळ आला. फलकाखाली फटाक्यांची माळ लागली. मागच्या गाडीच्या काचेवर एका बाईने टकटक केले. हर्षदाने काच खाली घेतली. बाईचा चेहरा कौतुकाने फुलला होता.

“काय गुणाची पोर हो वहिनी तुमची! एवढा दणदणाट, पण हूं नाही की चूं नाही!”

हर्षदाचा चेहरा उतरला.

“आत्या,” ती म्हणाली, “ती कुकरच्या शिट्टीला दचकून रडते.”

“मग?”

“मग फटाक्यांना का रडत नाही?”

“अगं, रमली असेल. बस खाली. घर आलंच.”

“मला उतरू द्या.”

“वेडी झालीस? आता मधेच पाय लावलास तर...”

पुढचे तिने ऐकले नाही. चपला गाडीतच राहिल्या. पैठणीचा बोंगा हातात धरून ती बाळंतीण डांबरी रस्त्यावरून पळत सुटली. आणि लोकांना काय वाटले? बाळाची आई आनंदाने नाचायला उतरली, असे वाटले. ताशेवाल्यांनी चाल वाढवली. कोणी शिट्टी मारली. कोणी तिच्यावर फुले उधळली. ती दोन्ही हातांनी माणसे बाजूला करत होती आणि माणसे टाळ्या वाजवत होती.

ती लाल गाडीपाशी पोचली तेव्हा शार्दूल दुसऱ्या बाजूला, एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या हातून हार घेत होता.

बाळाची हनुवटी छातीत रुतली होती. फेटा डोळ्यांवर आला होता. ओठ जांभळे होते.

हर्षदाने पट्ट्याची कळ दाबली. ती पहिल्या दाबाला उघडली नाही. दुसऱ्या दाबाला उघडली. तिने बाळाला उचलले, हातावर उताणे घेतले, डोके मागे झुकवले. काही नाही. फेटा दूर फेकला. हनुवटी बोटाने वर धरली. काही नाही. पाठ चोळली. तळपाय चोळले.

“थांबवा!” ती ओरडली. “ते वाजवणं थांबवा!”

वाजवणे थांबले नाही. समोरचा एक माणूस अजून चित्रीकरण करत होता. त्याच्या मोबाइलवर तिचा ओरडणारा चेहरा होता आणि तो म्हणत होता, “वहिनी, इकडं बघा.”

शार्दूलने मान वळवली. त्याच्या हातातला हार चाकावर पडला. त्या माणसाला त्या क्षणी सगळे आठवले असेल. डॉक्टरांची खोली, त्याने स्वतः विचारलेले प्रश्न, टॉवेलची गुंडाळी. उपयोग काय? हात आईचे चालत होते. तो नुसता बघत होता.

मग बाळाच्या छातीत एक बारीक उचकी आली. एक खोकला. पुन्हा काही नाही. आणि मग रडणे. आधी मांजराच्या पिल्लासारखे, मग मोठे, मग गळा फाडून.

हलगीवाला पहिला थांबला. मग ताशा. मग सगळे. भर बाजारपेठेत एका बाळाचे रडणे आणि जळत्या फटाक्यांचा धूर, एवढेच उरले.

हर्षदा बाळाला छातीशी धरून मागे वळली.

“दादा, गाडी फिरव. दवाखान्यात.”

आत्या तोवर उतरून आल्या होत्या. त्यांच्या तोंडून निघाले ते असे, “अगं, घर समोर आहे. उंबरा ओलांड, ओवाळते आणि मग...”

“उंबरा जागचा हलणार नाही, आत्या,” हर्षदा म्हणाली आणि गाडीत बसली.

मुलगी वाचली. काही दिवस दवाखान्यात राहिली आणि बरी झाली. हे आधी सांगून टाकलेले बरे, कारण पुढचे वाचताना आणखी राग येईल.

दवाखान्यात मुजावर मॅडमनी शार्दूलला विचारले, “मी सांगितलं होतं ना?”

“हो.”

“कळलं नव्हतं?”

“कळलं होतं.”

मॅडम पुढच्या खाटेकडे गेल्या.

बाळाच्या उशाशी बसलेल्या हर्षदाला शार्दूल म्हणाला, “मी खुर्ची फिरवा म्हणालो नव्हतो. हो म्हणालोच नाही मी. फक्त नाही म्हणालो नाही.”

हर्षदाने बाळाकडे बोट केले. “मग नाही कोणी म्हणायचं होतं? हिनं?”

बाळाला घरी न्यायच्या दिवशी शार्दूलने हर्षदाच्या भावाच्या गाडीत खुर्ची लावली आणि स्वतः पुढे बसला. मागे आई आणि मुलगी. बाळाचे तोंड मागे होते. घराला पाठ करूनच ते घरी आले. उंबऱ्यावर आत्यांनी ओवाळले. घर कोसळले नाही.

पण गाव बोलायला लागले. आत्या म्हणतात, दोष फेट्याचा. फोटोवाला म्हणतो, दोष आत्यांचा. गजामामा म्हणतो, मी तर फक्त गुडघा लावला. भाऊसाहेबांचे म्हणणे, खुर्चीच सदोष होती, कंपनीला जाब विचारू. ज्या खुर्चीचे सगळे बरोबर होते आणि जी माणसांनी चुकीची फिरवली, तिला जाब विचारायला ते निघाले होते. अंगणात त्या सकाळी दहाबारा माणसे होती. खुर्ची कोणी फिरवली, असे विचारले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहतो. वजनदार खुर्ची, घट्ट पट्टा. ती आपोआप फिरत नाही.

आणि लेकीच्या स्वागताचा एवढा डामडौल मांडणाऱ्या एकालाही अजून असे वाटत नाही, की त्या दिवशी लेकीच्या आईला लेकीच्या गाडीबाहेर ठेवले, अपघात तिथेच झाला होता.

तात्पर्य: धोका ज्याला कळतो, ‘नाही’ म्हणणे हे त्याचेच काम असते, चार माणसांत त्याने तोंड मिटले की त्याचे शिक्षण आणि इतरांचे अज्ञान एकाच तोलाचे होते, आणि ज्या थाटात आईला जागा नसते तो थाट लेकराच्या जिवावर उठतो. त्या मिरवणुकीचे फोटो गावातल्या शेकडो मोबाइलमध्ये आजही आहेत. वेशीपाशी बाळाचे ओठ गुलाबी आहेत, बाजारपेठेत फिके आहेत, चौकात जांभळे आहेत. इतक्या जवळून ते टिपणाऱ्यांपैकी एकानेही हात पुढे करून ते डोके वर का केले नाही, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.